मागच्या दाराजवळचं घमेलं

मंगळवार, होळीच्या आधीचा. संध्याकाळ.

मोबाईलवर गारपिटीचा इशारा आला. हे आर्वीला दुकानात, म्हणून सासूबाई आणि मीच कामाला लागलो. छपराच्या टिनांवर दगड ठेवले, गाय चिंचेखालून आणून गोठ्यात बांधली. मग सासूबाईंनी शेणाचं लोखंडी घमेलं धुऊन मागच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलं. घमेलं कशाला?

विचारलं, तर म्हणाल्या, "टिनावर गारा वाजल्या का गाय दावं तोडते. मंग घरातलं कोनी ना कोनी धावतेच. नाई म्हटलं तरी धावते. त्याच्या डोक्यावर काई नोको का?"

मी ते डोक्यावर घेऊन पाहिलं. त्यांनी वरून मूठभर तुरी टाकल्या. केवढा आवाज! दोघी हसलो. खऱ्या गारांचा कसा येत असेल?

"आई, तुमी धावल्या होत्या कधी?"

त्यांनी कपाळावरच्या जुन्या खुणेवर बोट ठेवलं. "तवा डोक्यावर नुसता पदर होता."

घमेलं परत टांगताना मला टाचा उचलाव्या लागल्या. खिळा ह्यांच्या उंचीचा ना! सासूबाई बघत होत्या. त्यांनी हातोडी आणली, खिळा उपटला आणि खाली ठोकला, बरोबर माझ्या हाताला येईल असा.