आजी, तिला खाली सोडा

प्रिय सूनबाई,

डब्याच्या पिशवीत चिठ्ठी बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. समोरासमोर बोलायला गेले की माझी जीभ भाजीच्या भावाकडे वळते, म्हणून लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, सांभाळून घे.

रविवारी तू गुडघ्यांवर बसून हात पसरलेस. आपली ठमी टेबलाला धरून उभी राहिली, तुझ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसून 'घे' म्हणून हात वर केले. तू हसलीस खरी, पण नंतर भांडी घासताना नळ उगाच मोठा सोडलास. "बरोबरीची पोरं धावतात आणि ही चालत नाही, मी दिवसभर घरी नसते म्हणून हे झालं," असं माझ्या लेकाला म्हणत होतीस. मी दाराआड होते. तेव्हाच पुढे व्हायला हवं होतं, पण पाय उचलला नाही. तुझा यात काडीचाही दोष नाही. एवढं आधी वाच, मग पुढे जा.

तू तिला त्या गाण्या-नाचाच्या वर्गात घातलंस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. बोलता न येणाऱ्या पोरांना कसला आलाय ताल! पण गेले आणि मीच रमले. लाकडी फरशीचा हॉल, आरशावर चिकट बोटांचे ठसे, कोपऱ्यात टोपलीभर खुळखुळे. शिकवणारी ताई डफली वाजवते, आम्ही आज्या नि आया पोरांच्या मागे मांडी घालून डोलतो. डफली थांबली की सगळ्यांनी जागच्या जागी पुतळा व्हायचं. मला ते कधी जमत नाही. "आजी, तुम्ही आऊट!" म्हणून ताई दर खेपेला हसते.

महिन्यापूर्वी अशीच डफली थांबली. हॉल चिडीचूप. आणि ठमीने माझं बोट सोडलं, डुलत डुलत थेट ताईपर्यंत गेली आणि डफलीवर थाप मारली. वाजव पुन्हा, म्हणून! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ताई मोबाईल काढून म्हणाली, "पुन्हा चालवा, हिच्या आईला व्हिडिओ पाठवू." मी ताईचा हात धरला. नको गं, म्हटलं. कारण कामावर परत रुजू झालीस त्या सकाळी चपला चढवताना तू म्हणाली होतीस, "आई, पहिलं पाऊल मात्र मी बघितल्याशिवाय पडू द्यायचं नाही हं!" तू गमतीत म्हणालीस. मी मनाशी पक्कं धरून बसले.

वाटलं, संध्याकाळी तुझ्यासमोर चालेल, तेच पहिलं म्हणू. पण तू येईतो ती पेंगलेली. दुसऱ्या दिवसापासून मी तिला खाली ठेवेचना. पावलं सरावाची झाली असती तर तुला कळलं नसतं का, की हे पहिलं नव्हे? घरात कडेवर, जिन्यात कडेवर, वर्गात मांडीवर. ताई म्हणायची, "आजी, तिला खाली सोडा," तर पोरीचा पाय मुरगळलाय अशी थाप ठोकून दिली. आधी ती उतरायला वळवळायची. मग वळवळणं थांबलं. सूनबाई, ते थांबलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हेच सगळ्यात जास्त टोचतं.

काल चहा ओतताना तू म्हणालीस, "उद्या दुपारी साहेब आले की सांगून टाकते, नोकरी सोडतेय." आणि मी नुसती साखर ढवळत राहिले. म्हणून हे पत्र. साहेबांना काही सांगू नकोस. पोरगी चालते गं, मीच तिला चालू दिलं नाही. आज वर्गात जाऊन ताईलाही खरं सांगते आणि ठमीला फरशीवर सोडते. पडली, रडली तरी लगेच उचलणार नाही. पण ते पाऊल मी पाहिलं आणि तू नाही पाहिलंस, हे कसं भरून काढायचं ते मला कळत नाही. संध्याकाळी घरी येऊन "असू दे, आई" म्हणू नकोस. चांगली कडाकडा भांड माझ्याशी.

तुझीच,
सासू