तीन दिवसांचं पाणी

आबा, तुम्ही घातलेला कोबा परवा मी पुन्हा पाहिला. साताऱ्यातल्या शेठच्या धान्याच्या गाळ्याचं आता मोठं सुपरमार्केट झालं आहे. मध्ये कधीतरी कोब्यावर पांढऱ्या टाईल्स बसवल्या होत्या. त्या ट्रॉल्यांच्या चाकांनी फुटल्या, म्हणून काढायचं ठरलं आणि जमिनीचं काम माझ्याकडे आलं. तुमच्या जावयांचा फरशीचा धंदा ते गेल्यापासून मीच बघते. शिरवळच्या कारखान्यांतून त्यांनी रेझिनची फरशी घालायला सुरुवात केली होती. दोन डब्यांतले दोन पदार्थ एकत्र घोटायचे, वीस मिनिटांत जमिनीवर पसरायचे, वरून बारीक वाळू पेरायची, आणि तासाभरात ते दगडासारखं होतं. तुम्ही असता तर डब्यात बोट घालून वास घेतला असता आणि म्हणाला असता, "ह्याला काय घोटाई म्हंत्यात व्हय?" काम घेताना जागा कोणती ते मला ठाऊक होतं. टाईल्सखाली काही उरलं नसेल, अशी माझी समजूत होती.

दुकान एक दिवसही बंद ठेवायचं नव्हतं. मॅनेजर तरुण आहे, सांगलीकडचा. रोज रात्री दहाला शटर खाली आणि सकाळी आठला वर, तेवढ्यात एकेक भाग उरकायचा, असं त्याने बजावलं. "मॅडम, भाजीचा टेम्पो साडेसहाला येतो. त्याला मी उभा करू शकत नाही." परवा भाजीच्या भागाची पाळी होती. मांडण्या सरकवल्या, बिस्किटं, डाळी प्लास्टिकने झाकल्या, टाईल्स उचलल्या. खालून लाल कोबा निघाला. रंग तसाच होता, कडेची तुमची बोटभर रुंदीची पट्टीही तशीच, आणि त्यावर उभ्या-आडव्या चिरांची जाळी. मी हातातला टॉर्च बंद केला. लख्ख दिवे होते, टॉर्चची गरजच नव्हती, पण काहीतरी बंद करावंसं वाटलं.

तुम्हाला तो आठवडा आठवत असेल. चैत्र होता. तुम्ही दोन दिवस गुडघ्यांवर सरकत कोबा घोटला होता आणि मी मागून तुम्हाला पाण्याचा तांब्या देत होते. संध्याकाळी काम संपलं आणि मेढ्याकडून आत्या गेल्याचा निरोप आला. आई आणि तुम्ही रात्रीच निघालात. निघताना कोब्यावर ओलं गोणपाट अंथरलंत आणि गाळ्याची किल्ली माझ्या हातात दिलीत. "गोणपाट सुकू द्यायचं न्हाई. सकाळी, दुपारी, दिस मावळताना, तीन येळा पानी मार. कोबा बाळंतिणीवानी असतो बाय, पयले तीन दिस जपावा लागतो." मी पंधरा वर्षांची होते. सातवीनंतर शाळा सुटली होती आणि हाताला लागेल ते वाचत सुटले होते. आई ज्यांच्याकडे धुणंभांडी करायची त्या बाईंनी एक जाड कादंबरी दिली होती, सोमवारी परत करायच्या बोलीवर. विहीर गाळ्याच्या मागे, उतारावर. एका वेळेला वीस-बावीस बादल्या लागायच्या. पहिल्या दिवशी मी दोनदा पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी फक्त सकाळी. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही.

चौथ्या दिवशी उठले आणि आठवलं की तुमची एसटी दहाला येणार. धावत गेले. गोणपाट पापडासारखं कडक झालं होतं. खाली बघायचा धीर झाला नाही. विहिरीवरून बादल्या आणून भराभर सगळं भिजवलं. तुम्ही आलात तेव्हा गोणपाटातून पाणी निथळत होतं. तुम्ही एक कोपरा उचललात, मग दुसरा, मग सगळंच बाजूला केलंत आणि बराच वेळ उकिडवे बसून राहिलात. मला विचारलंत, "पानी मारलंवतंस न्हवं?" मी म्हटलं, "व्हय आबा, तीनदा." तुम्ही मान हलवलीत. ओलं गोणपाट तुमच्या हातातच होतं, मग माझ्यावर संशय घ्यायचं कारण तरी काय होतं?

दुपारी शेठ आला. हमाल, तोलारी सगळे बघत असताना म्हणाला, "शिमीट खाल्लंस का रं माझं?" तुम्ही चोरी नाकारलीत, पण चूक कबूल केलीत. "हात चुकला असंल शेठ. वाळू जास्त पडली असंल." तो म्हणाला, "नाहीतर तुझ्या पोरीनं पाणी मारलं नसंल." तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. "माझी पोर खोटं बोलत न्हाई. तिला मधी आणू नगा." मी दाराशीच होते. तिथून तुमच्यापर्यंत चार पावलं होती.

पुढचं सगळं मी पाहिलं आहे. तुम्ही स्वतःच्या नावावर कोबा घेणं सोडलंत. दुसऱ्यांच्या हाताखाली गेलात. नवखा मोजतो तशी पाटी मोजून माल कालवायला लागलात, आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजायचात. आधी तुम्ही नुसत्या डोळ्यांनी कालवायचात. माझ्या लग्नात कुणीतरी थट्टेने म्हणालं, मांडवाखालची जमीन मिस्त्रीनंच केली का, बघा हं, चिरा पडतील. सगळ्यांबरोबर तुम्हीही हसलात. शेवटी दवाखान्यात होतात तेव्हा मी रात्रभर उशाशी बसायचे. एकदा तुम्ही अचानक म्हणालात, "त्या कोब्यात काय चुकलं, मला अजून उमगंना." मी तुम्हाला पाणी पाजलं. तेव्हा सांगता आलं असतं. त्याला बावीस वर्षं झाली.

परवा आमचे हेडमिस्त्री तुमच्या जाळीकडे बघून हसले. तुमच्या जावयांच्या वेळेपासून तेच काम बघतात, मला वहिनी म्हणतात. "वहिनी, ही कुणाची कलाकारी म्हनायची? निम्मं शिमीट घरी नेलं वाटतं गड्यानं." बाकीची माणसंही हसली. तो शेठ जाऊन किती वर्षं झाली, तरी त्याचंच वाक्य पुन्हा कानावर आलं. मी म्हटलं, "मशीन लावा, उशीर होतोय." एवढंच म्हटलं.

जमीन घासायचं मशीन लावलं आणि ते अडायला लागलं. खालचा थर इतका टणक की मशीनचे दात झिजून गेले, दुसरे लावावे लागले. चिरा भरण्याआधी त्या कटरने रुंद करायच्या असतात. तिथला एक तुकडा उडाला. हेडमिस्त्रींनी तो उचलला, अंगठ्याने घासला, दुसऱ्या तुकड्यावर आपटला. खण्णकन आवाज आला. ते म्हणाले, "चुकलो वहिनी. ह्यो चोराचा माल न्हाई. हात चांगला हाय गड्याचा."

"मग चिरा कशानं?"

"पानी मारलं नसंल. चिरा वरवरच्याच हायत्या, बघा की. उन्हाळ्यात तसाच सुकू दिला असंल. कोन तरी आळशी असंल, दुसरं काय?"

मी म्हटलं, "असंल."

मग काम चालू राहिलं. चिरा भरल्या, पहिला थर दिला, वाळू पेरली. ताज्या थरावर चालायचे खिळ्यांचे बूट घालून मी स्वतः आत उतरले. या फरशीत ओल चालत नाही आबा, ओल राहिली की ती फोडासारखी फुगते. म्हणून थर द्यायच्या आधी आम्ही हीटर लावून कोपरे सुकवत होतो, तेव्हा मला त्या विहिरीच्या बादल्या दिसत होत्या. पहाटे पाचला वरचा थर पडला. राखाडी, एकसंध. तुमची लाल पट्टी त्याखाली गेली. ती तरी ठेवू या असं दोनदा ओठांवर आलं, पण का ठेवायची, ते सांगावं लागलं असतं.

सहाला मॅनेजर कागद घेऊन आला. त्यावर जुन्या जमिनीची स्थिती लिहायची जागा असते. मशीन लावण्याआधीच हेडमिस्त्रींनी तिथे लिहून ठेवलं होतं, "मूळ काम निकृष्ट, सिमेंट कमी." खाली माझी सही हवी होती. मी पेन मागितलं, ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, "मूळ काम उत्तम. घातल्यावर पाणी मारण्यात कसूर." मॅनेजरने वाचलं. "एवढ्या जुन्या कामाचं तुम्हाला कसं कळलं, मॅडम?" मी म्हटलं, "तुकडा फोडला की कळतं." त्याने मान हलवली, अगदी तुमच्यासारखी, आणि टेम्पो आत घ्यायला गेला. पुन्हा एकदा मी खोटं बोलले आणि पुन्हा एकदा समोरच्या माणसाने विश्वास ठेवला.

तो तुकडा मी घरी आणला आहे. तुमची थापी तुमच्या जावयांच्या हत्यारांबरोबर पेटीत आहे, तिच्याजवळ ठेवला. हे सगळं लिहिलेला हा कागदही तिथेच ठेवीन. हेडमिस्त्रींना उद्या सांगायचं असं रोज ठरवते आणि सकाळी ते आले की चहा देते.

एक राहिलंच आबा. इतकी वर्षं मी मनाशी धरून बसले होते की पुस्तकाच्या नादात विसरले. पोर होतं, विसरलं, असं म्हणायला बरं वाटायचं. मी विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी बादली घेऊन मी विहिरीपर्यंत गेले होते. ऊन फार होतं. बादली तिथेच ठेवून मी परत आले.