श्टेल्झर, मी आणि गाळलेली पदं

शुक्रवार, ५ सप्टेंबर. सकाळ.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने यंदाच्या नाटकाचं दिग्दर्शन एकमताने माझ्याकडे सोपवलं. हेमा म्हणाली, एकमताने कसलं, दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही. बायको जवळपास असली की इतिहास लिहिणं अवघड जातं.

नाटक ‘संगीत कंकणबंध’. शंभर वर्षांपूर्वीचं. सेनापती वीरसेन, त्याची पतिव्रता मंदाकिनी, तिचं हरवलेलं कंकण, त्याचा संशय आणि उठता-बसता पदं. मंदाकिनी हेमाने करायची हे मंडळाने मला विचारण्याआधीच ठरवलं होतं. ती मिरजेत गाणं शिकली. लग्न होऊन बहारीनला आली आणि तिचं गाणं माहूजच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात राहिलं. म्हणाली, ही पदं एकदा तरी नऊवारी नेसून, समोर माणसं बसवून म्हणायचीत. आवाज आता फार वर्षं साथ द्यायचा नाही. मी म्हटलं, बघू.

खरं तर माझं ठरलेलं आहे. नाटकात एकही पद राहणार नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर.

कारण योआखिम श्टेल्झर. आजचा सर्वांत महत्त्वाचा जर्मन दिग्दर्शक. त्याच्या नाटकांचे सगळे ट्रेलर पाहिलेत. मुलाखत तीनदा. पूर्ण नाटक पाहायचा योग आलेला नाही. ती पाच-पाच तासांची असतात आणि माझं ऑफिस सातला सुरू होतं.

श्टेल्झर म्हणतो, अभिजात नाटक हे प्रेत आहे. त्याला अत्तर लावू नका, त्याची चिरफाड करा. त्याने एका राजाची शोकांतिका गुडघाभर पाण्यात केली. दुसऱ्या नाटकातले संवाद काढून नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभे केले. निम्मे प्रेक्षक उठून गेले. श्टेल्झर म्हणाला, जे उठून गेले त्यांनाच नाटक कळलं.

आमचा प्रेक्षक आवडत्या पदाला वन्स मोअर ओरडतो, तेच पद पुन्हा ऐकतो आणि तृप्त होऊन घरी जातो. याला मी रसिकता म्हणणार नाही. ही रतीब लावलेल्या दुधाची सवय आहे.

संकल्प: फक्त काळे शर्ट. रोज वीस मिनिटं जर्मन. तालमीत आवाज चढवायचा नाही. तडजोड नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर.

पहिली तालीम, प्रशांतच्या जनाबियाच्या व्हिलात. प्रशांत मंडळाचा अध्यक्ष, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यामुळे त्याच्याकडे दिवाणखाना मोठा आणि मतं छोटी.

सुरुवातीला दोन शब्द बोललो. सव्वा तास. युरोपची रंगभूमी, आपली झोप, कलावंताचं कर्तव्य. ‘आपण नाटक करणार आहोत की आरास?’ असा सवाल टाकला. वीरसेन करणारा कैलास डोळे मिटून ऐकत होता. हेमा म्हणते घोरत होता.

मग पदं काढल्याचं जाहीर केलं. प्रशांत म्हणाला, विवेकराव, संगीत नाटकातून संगीत काढलं तर तिकिटावर काय छापायचं? मी म्हटलं, संगीताची अनुपस्थिती. तो म्हणाला, ते एवढ्याशा तिकिटावर मावणार नाही.

पेटीवाला संदेश घाबरत म्हणाला, मग मी घरी जाऊ का? मी म्हटलं, छे, तुम्ही संपूर्ण नाटकभर स्टेजवर, बंद पेटी समोर घेऊन बसायचं. तिचं न वाजणं वाजलं पाहिजे. त्याने पेटीचं झाकण उघडलं, परत लावलं. एक माणूस जागा झाला!

हेमाने गाडीत रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. तिलाही विचार करायला लावलं तर.

शुक्रवार, २६ सप्टेंबर.

वेशभूषा जाहीर केली. मुकुट, शेला, तलवार सगळं बाद. प्रत्येकाने कामावरचे कपडे घालायचे. श्टेल्झरचे राजे सूट घालतात.

कैलास सावंतवाडीकडचा, इथे एसी दुरुस्तीचं काम करतो. म्हणाला, सायबानू, डांगरी मी रोजच घालतंय. एक दिवस सेनापती होऊक इलंय. मी त्याला समजावलं की डांगरीतला सेनापती हा व्यवस्थेवरचा आसूड आहे. तो म्हणाला, आसूड ऱ्हवांदे, तलवार नाय तर सेनापती कसलो?

कष्टकऱ्यांसाठी रंगभूमी घडवण्यात कष्टकऱ्यांचाच अडथळा फार.

आवाज चढवला. पण एकदाच, आणि तोही सबंध वेळ.

बुधवार, ८ ऑक्टोबर.

घरात एक चिंताजनक प्रकार. हेमा दर मंगळवारी गुदैबियात संदेशच्या घरी भजनाला जाऊ लागली आहे. काल गाडी घेऊन तिला आणायला गेलो तर कैलासही जिन्यातून उतरत होता. प्रशांतची बायको लीना होती. मला पाहताच संदेश जोरात ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणाला.

अख्खा संच भक्तिमार्गाला लागला. मी बुद्धिवादी माणूस, पण समजू शकतो. श्टेल्झरच्या पद्धतीने मनावर प्रचंड ताण येतो. माणूस आधार शोधतो. परवानगी दिली. हेमा म्हणाली, मागितली नव्हती.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.

संहितेवर शेवटचा हात फिरवला. आता एकूण अकरा वाक्यं उरली. त्यातली तीन माझी.

नाटकाचा गाभा दुसऱ्या अंकात. वीरसेन कंकणावरून संशय घेतो, तेव्हा मूळ नाटकात मंदाकिनी एक लांबलचक करुण पद म्हणते. माझ्या प्रयोगात ती प्रेक्षकांकडे पाठ करून पाण्यात उभी राहील. शांतता. आणखी शांतता. प्रेक्षक अस्वस्थ होईपर्यंत शांतता.

हेमा म्हणाली, तिथे ती बाई गाणार नाही तर करेल काय? सगळं जग तिला खोटी म्हणतंय, बोलायला एवढीच जागा आहे तिला. मी म्हटलं, नेमकी तीच जागा आपण नाकारतोय. ती म्हणाली, हो, ते कळलं मला.

पटलं तिला. ग्रहणशक्ती चांगली आहे.

रविवार, २ नोव्हेंबर.

हॉलची व्यवस्थापक नाझिश. स्टेजवर गुडघाभर पाणी हवं म्हणालो. ती म्हणाली, सर, पानी मफी, नहीं चलेगा. लकडी का स्टेज है, नीचे वायरिंग है. मी तिला युरोपातल्या पाण्याबद्दल सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाली, सर, वहाँ भी मेरा हॉल है क्या?

तोडगा निघाला. लीनाने नातवाचा हवा भरायचा टब दिला आहे. निळा. कडेने डॉल्फिन हसताहेत. हे हसणं क्रूर वाटेल असा प्रकाश टाकणार. ही तडजोड नाही, पाण्याचा संक्षेप आहे.

जर्मनची प्रगती: मुलगा सफरचंद खातो, हे सांगता येतं. नाटकात कुठे बसेल बघतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

कश्मिरा, म्हणजे आमची कन्या, जिच्याशी मराठीत बोललं तर ‘व्हॉटएव्हर बाबा’ असं उत्तर येतं, ती भांडी लावताना ‘कंकणबंध’मधलं पद गुणगुणत होती. तानांसकट. कुठून शिकलीस विचारलं. म्हणाली, इंटरनेट. बघा, बंदी घातली की तरुण पिढी कशी आकर्षित होते! श्टेल्झर हेच म्हणतो. म्हणाला नसेल तर म्हणेल.

प्रकाशयोजना तिच्याकडे दिली आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.

रंगीत तालीम अप्रतिम. कोणी वाद घातला नाही. कैलास डांगरीत निमूट उभा. संदेश बंद पेटीसमोर पुतळ्यासारखा. हेमा टबात पाठ करून उभी, खांदेसुद्धा हलले नाहीत. माझं म्हणणं अखेर त्यांच्या हाडात उतरलं.

प्रशांत म्हणाला, विवेकराव, तुम्ही प्रयोगाला मागे शेवटच्या रांगेत बसा, तिथून समग्र दिसतं. पहिल्यांदाच या माणसाने दिग्दर्शकाला शोभेल अशी सूचना केली.

प्रयोगानंतरचं भाषण तयार. विषय: गाळणं हीच निर्मिती. सोळा पानं झाली. गाळण्यासारखं काही नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर. सकाळ.

काल प्रयोग झाला. शांत डोक्याने लिहितो.

हॉल भरलेला. नांदी नाही, नारळ नाही, थेट सुरुवात. पहिल्या अंकाला प्रेक्षक कुजबुजत होते. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, अजून चालू झालं नाही काय? उत्कृष्ट.

दुसरा अंक. हेमा टबात. पाठ. शांतता सुरू झाली. थोड्या वेळाने आवाज आला, माईक! मग दुसरीकडून, अरे माईक बघा कोणीतरी! तरी शांतता. मग मधल्या रांगेतल्या एका बाई उठल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, चल गं, मध्यंतर झालं वाटतं, वडे संपतील.

झालं. एक रांग उठली. दुसरी उठली. पाहता पाहता सबंध हॉल रिकामा. श्टेल्झरचे निम्मे जातात. माझे झाडून सगळे गेले! मी मागच्या रांगेत एकटा, डोळ्यांत पाणी. आयुष्यात असा क्षण पुन्हा येणे नाही.

आलाही नाही. कारण हेमा वळली.

तिने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अंधारात मी दिसत नसणार, तरी पाहिलं. टबातून बाहेर आली, ओले पाय तिथेच पायपुसण्याला पुसले (पायपुसणं संहितेत नव्हतं) आणि अंगावरचा पायघोळ काळा कोट काढला. आत नऊवारी. संदेशने पेटी उघडली. हेमाने पद सुरू केलं.

मला तांत्रिक बाबी नोंदवायच्या आहेत. पहिल्या ओळीला दार उघडलं. दुसऱ्या ओळीला लोक कागदी बशा घेऊन आत येऊ लागले. चटणी सांडत, एकमेकांना ढकलत, पण बोलत कोणी नव्हतं. पद संपलं तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. वन्स मोअर. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा वन्स मोअर. मघाचे आजोबा वडा हातात तसाच धरून रडत होते.

मी ओरडलो, थांबवा! शेजारचा गृहस्थ म्हणाला, श्शू. ऐका की जरा.

मग कैलास आला. मुकुट, शेला, गुदैबियाच्या शिंप्याकडून शिवलेला जरीचा अंगरखा आणि तलवार. टाळ्या. त्यापुढे ‘कंकणबंध’ शंभर वर्षांपूर्वी जसं लिहिलं तसं झालं. सगळ्यांना सगळं पाठ. प्रकाशसुद्धा चोख. डॉल्फिन अंधारात. मंगळवारचं भजन कोणत्या देवाचं होतं ते ध्यानात आलं.

शेवटी प्रशांतने मला स्टेजवर बोलावलं. भाषणाची पानं काढली. ‘रसिकहो’ म्हणालो. विंगेतून नाझिश म्हणाली, सर, खलास, टाइम ओवर. माईक बंद झाला. मी माईकवर कधीच अवलंबून नव्हतो. बोलत राहिलो. तिसऱ्या पानावर पोरं खुर्च्या उचलू लागली, चौथ्यावर पहिली रांग गेली.

जे उठून गेले त्यांनाच कळलं, असं श्टेल्झर म्हणतो. या न्यायाने भाषण सर्वांना कळलं.

रविवार, ३० नोव्हेंबर.

विचाराअंती: प्रयोग माझ्या पद्धतीनेच यशस्वी झाला. आधी शांतता नसती तर पद एवढं चढलं असतं का? दडपण मी निर्माण केलं, स्फोट त्यांनी केला. बंड हे माझ्या दिग्दर्शनाचंच फलित. हे हेमाला जेवताना समजावून सांगितलं. ती म्हणाली, कोशिंबीर घे.

आवाज बसला आहे तिचा. गरम पाणी पीत होती. चेहरा असा की जणू फार लांबून चालत आली आणि पोचली.

शुक्रवार, १२ डिसेंबर.

दुबईच्या मराठी मंडळींनी ‘कंकणबंध’चा प्रयोग मागितला. प्रशांतचा फोन. मी म्हटलं, तिथला टब मोठा हवा. तो खोकला. म्हणाला, विवेकराव, दिग्दर्शक त्यांच्याकडे आहे. मी म्हटलं, मग माझं काय? म्हणाला, तुम्ही मार्गदर्शक. कुठून? तर म्हणाला, बहारीनहून.

श्टेल्झरलाही एकदा स्वतःच्या नाट्यगृहातून काढलं होतं, असं मुलाखतीत आहे. म्हणजे मी योग्य मार्गावर आहे.

संध्याकाळी हेमाने विचारलं, येणार ना दुबईला? रजा टाक. मी विचारलं, कोणत्या नात्याने? दिग्दर्शक नाही, मार्गदर्शक तो बहारीनपुरता, आभारप्रदर्शनसुद्धा तिकडचाच कोणी करणार. ती म्हणाली, ऐकायला. इथे तू ओरडत होतास. तिथे पहिल्या रांगेत बस आणि नुसतं ऐक. एकदा.

मी म्हटलं, श्रोता ही मुळात अत्यंत सक्रिय भूमिका आहे, ग्रीकांपासून. कश्मिरा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, बाबा, जस्ट से येस.

हो म्हणालो.

पुढे ग्रीकांबद्दल थोडं मांडायचं होतं. पण हेमाने फोनवर तंबोरा लावला होता.