खिडकीकडची बाजू

४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहोत, आणि या वेळी हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहिलेलं नाही. औषधांचा शेवटचा फेरा संपला आणि परवाच्या तपासणीत काही सापडलं नाही. सर्जनबाई म्हणाल्या, आता एकदम पावसाळ्यानंतर तोंड दाखवा. केस उगवलेत. आधी सरळ होते, आता कुरळे आलेत. तुमचे बंधू म्हणतात, घरबसल्या नवीन बायको मिळाली.

कामावर जायला लागले. तलावात उतरत नाही, तिकिटाच्या खिडकीत बसते. मुलांना पोहायला शिकवायचं काम सध्या दुसऱ्या बाईंकडे दिलंय. मॅनेजर भला माणूस आहे, घाई करू नका म्हणतो. पण खरं सांगू का, कपडे बदलायच्या खोलीत माझं पाऊलच पडत नाही. घरीसुद्धा मी दिवा बंद करून कपडे बदलते. छातीची डावी बाजू काढली तेव्हापासून मी स्वतःला आरशात गळ्याखाली पाहिलेलं नाही, यांनाही पाहू दिलेलं नाही. यांनी कधी विचारलंही नाही. हे मी तुमच्याशिवाय कुणाला लिहिणार?

एक काम होतं. तुमचा स्टुडिओ सुरू झाला त्या दिवशी तुम्ही माझा निळ्या ड्रेसमधला फोटो काढला होता. तेवढा मोठा करून पाठवाल का? पुढेमागे भिंतीवर लावायची वेळ आलीच, तर घरच्यांची धावपळ नको. यांना मात्र बोलू नका, उगाच जेवण टाकतील.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
वहिनी


११ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ., आणि सोबत एक चापट.

तपासणीचं मी स्टुडिओतच वाचलं. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेले एक गृहस्थ समोर हनुवटी वर करून ताटकळत होते. त्यांना म्हटलं, घरून चांगली बातमी आलीय. ते इतके मनापासून हसले की तो फोटो पासपोर्टला चालेना, दुसरा काढावा लागला.

निळ्या ड्रेसमधला फोटो मी मोठा करणार नाही. तू कितीही तोंड फुगव. त्या फोटोतली बाई माझ्या भावाच्या कुठल्यातरी फुसक्या विनोदावर हसतेय, तिच्यावर अजून काही गुदरलेलं नाही. मला ती आवडते, पण मला पत्र लिहिते ती ही नव्हे. मला तुझा फोटो काढायचाय, आत्ताचा.

सोमवारी स्टुडिओ बंद असतो. ये. मदतनीसबाईंना सुट्टी देते. तू आणि मी, बस. स्वेटर घालून बसलीस तर स्वेटरातला काढू. काढलेलं सगळं तुझ्यासमोर तपासू, तुला नको असेल ते तिथल्या तिथे पुसून टाकू. इतकी वर्षं हा धंदा करतेय, माझ्यासमोर बसणारा प्रत्येक माणूस आधी सांगतो की त्याची एक बाजू वाईट येते. कुठली ते विचारलं की गोंधळतो. तुझं तेवढं तरी पक्कं आहे.

हा विनोद जड गेला असेल तर आल्यावर चापट परत कर.

आहे तो लोभ घेऊन ये, इथे आणखी ठेवलाय.

तुझी,
वन्सं


२ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बसमध्ये पाकीट मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, फोटो आहे, माझाच. त्यांना वाटलं असेल, काय ही मिजास.

त्या दिवशी निघताना मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते. पहिला तासभर मी कोट काढला नाही आणि तुम्ही एकदाही काढ म्हणाला नाहीत. तुम्ही पडदे सरकवत होता, हीटर माझ्या पायाशी ढकलत होता, आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या मांजराची चहाडी सांगत होता. मला वाटतं, त्या मांजरामुळेच मी कोट काढला. मग सदरा. मला भीती होती की तुमचे डोळे भरून येतील किंवा तुम्ही मुद्दाम दुसरीकडे बघाल. तुम्ही फक्त म्हणालात की उजेड छान आहे, डावी बाजू खिडकीकडे कर.

मी म्हटलं, तीच कशाला? तुम्ही म्हणालात, कारण उजेड तिकडून येतोय.

हातांचं काय करू, हे मला कळत नव्हतं. तुम्ही सांगितलं, पाण्यात उतरण्याआधी करतेस ते कर. मी डावा हात वर ताणला. ऑपरेशननंतर हाच हात खांद्याच्या वर जात नव्हता. व्यायामाच्या बाईंनी भिंतीवर बोटं चालवत चालवत तो इंचाइंचानं वर नेला होता, आणि मी रोज त्यांना मनात शिव्या घालत होते. तो पूर्ण वर गेला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला तेव्हा मी रडले, ते तुम्हाला चुकीचं वाटायला नको. व्रण काखेपासून मधोमध आलाय, शिवण जरा ओढलेली आहे, खाली बरगड्या दिसतात. ते सगळं दिसलंच. पण त्याआधी खांदा दिसला. पोहणारीचा खांदा आहे तो, वन्सं. मला वाटत होतं, तोही गेला. या शरीराला मी इतके महिने अंधारात कोंडून ठेवलं, आणि ते बिचारं आत बसून मला जगवत होतं.

बाकीचे पुसायला लावले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हा एक पुरे आहे. यांना अजून दाखवलेला नाही.

तुमचे उपकार मानले तर तुम्ही चिडाल, म्हणून फक्त नमस्कार. प्रेम असू द्या.

तुमची,
वहिनी


१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी घडलंय, हे तू ओळखलं असशीलच. घाबरू नकोस.

रविवारी जेवणं झाल्यावर हिने टेबल पुसलं, कोरडं झाल्याची खात्री केली आणि तू काढलेला फोटो माझ्यासमोर ठेवला. मग भांडी घासायला उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मी किती वेळ बघत होतो, ठाऊक नाही. नळ बंद झाला तरी ती वळेना. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ताईने उजेड छान पकडलाय.

ताई, ती हसली. ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली की तुम्ही दोघं भावंडं एकाच कारखान्यातून आलेली आहात.

मग मी सांगितलं की मी विचारत नव्हतो ते तिला त्रास नको म्हणून. ती म्हणाली, तिला वाटत होतं मला बघायचंच नाही. आम्ही दोघं एकाच खोलीत झोपून एकमेकांची अशी काळजी घेत होतो. त्यानंतर तिने माझा हात घेतला आणि व्रणावर ठेवला. तिथे काही जागी तिला स्पर्श कळत नाही, काही जागी जास्तच कळतो. कुठे काय, ते तिने मला दाखवलं. एवढंच लिहितो, बाकीचं लिहायचं नसतं.

आज सकाळी ती पाण्यात उतरली. तिने मला सोबत नेलं होतं. कपडे बदलायच्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा पोहायच्या पोशाखाची डावी बाजू सपाट होती, आत काही भरलेलं नव्हतं. दोन बायकांनी पाहिलं. हिने त्यांना पाणी गार आहे का विचारलं. मी काठावर टॉवेल घेऊन उभा होतो. ती तिरकी पोहते आता, सारखी दोरीकडे जाते, थांबते, पुन्हा सरळ होते. पलीकडे पोचली, भिंतीला हात लावला आणि तशीच परत आली.

वर येऊन म्हणाली की पुढच्या आठवड्यापासून वर्ग परत घेणार, मॅनेजरशी बोलणं झालंय. पहिला विद्यार्थी मीच. तुला ठाऊक आहे, मला पोहता येत नाही. मी म्हटलं, या वयात, हे पोट घेऊन सगळ्यांसमोर कसा उतरू, लोक बघतील. तिने टॉवेलमधून तोंड बाहेर काढून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

गुरुवारी सात वाजता जायचंय. चड्डी आणलीय.

तुझा हात असाच आमच्या डोक्यावर राहू दे.

तुझा,
धाकटा