तलावाच्या पाळीतून येणारं गढूळ पाणी

रविवार, श्रावण, दिवेलागण

तलावाची पाळ मातीचा बांधच, ती पाझरतेच, त्यात नवं काही नाही. पण आज निघालेलं पाणी गढूळ होतं. नितळ पाझर चालतो. गढूळ म्हणजे पाळीच्या पोटातली माती वाहून चालली. पूर्वी एवढं दिसलं की घरटी एक माणूस टोपलं घेऊन धावायचा. आज मी एकट्यानं माती टाकली.

सरपंचाला सांगितलं, तर म्हणतो, "काका, काऊन घाबरून राहिले? धोका असता तं मोबाइलवर मेसेज आला असता." पारावरचे सगळे हसले. फावडं उचलायची लाज, बोट फिरवायची नाही. की मीच खुळा?

दोन दिवस पाऊस नाही. तरी लिहिताना दारापुढची नाली वाहताना ऐकू येते आहे. उठून पाहिलं. पाणी गढूळ आहे.