पोलादपूरनं तुझी चौकशी केली

आई, पोलादपूर सापडली. तुझी पोलादपूर. टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर गावागावांचे फोन जोडणाऱ्या तुम्ही बायका एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायचात. तू महाड, ती पोलादपूर. इतकी वर्षं एकमेकींच्या कानात बसूनही तुम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, पोलादपूर हे तुझ्या मैत्रिणीचंच नाव आहे आणि गावाला ते तिच्यावरून पडलंय.

केस पिकल्यावर मी पीएच.डी. करते आहे, हस हवं तर. विषयाचं शीर्षक एका दमात वाचता येत नाही. थोडक्यात सांगायचं तर कचेरीत नवं यंत्र आलं की माणसांना ते शिकवतात कसं, आणि कामातलं त्यांचं समाधान वाढतं की घटतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या निवृत्त बायका निवडल्या. सरांनी विचारलं, याच का? मी म्हटलं, सोयीचं पडतं. मला खरं तर एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, बोर्ड गेल्यावर तू गप्प का झालीस.

कारण आम्हाला वाटलं होतं, तू सुटलीस. त्या जड हेडफोननं तुझा कान ठणकायचा आणि तू चुलीपाशी बसून गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकत राहायचीस. आपोआप फोन लागणारं एक्स्चेंज आलं तेव्हा बाबा म्हणाले, "सुटलीस बाई एकदाची." तुला बिलाच्या काउंटरवर बसवलं, कॉम्प्युटर शिकायला अलिबागला धाडलं. परत आल्यावर तू पोळपाट उलटा करून त्यावर खडूनं कॉम्प्युटरची बटणं काढलीस आणि भात शिजेपर्यंत त्यावर बोटं आपटत बसायचीस. मी हसले तर म्हणालीस, "हस तू. मी शिकणार म्हणजे शिकणार." शिकलीसही. तुझ्या कामात कुणी खोट काढल्याचं मी ऐकलं नाही.

पण पूर्वी तू घरी येऊन बोलायचीस. लोकांच्या फोनवरचं नव्हे, त्यावरून तर मी एकदा मार खाता खाता वाचले. शेजारच्या चाचींच्या मुलाचा कुवेतहून फोन आला होता, तो काय म्हणाला असं मी विचारलं आणि तू लाटणं उगारलंस. "लोकांचं बोलणं आपलं नसतं. पुन्हा विचारलंस तर बघ." पोलादपूरचं मात्र रोज सांगायचीस. तिच्या म्हशीला रेडकू झालं, तिची सासू रुसली, तिच्याकडे घाटात दरड आली. बोर्ड गेला आणि पोलादपूर आमच्या घरात यायची बंद झाली. पुढे तू गेलीस, त्यालाही आता किती वर्षं लोटली.

निवृत्त बायकांच्या यादीत पोलादपूर बोर्डावरच्या मावशी सापडल्या आणि मुलाखतीची वेळ ठरवायला मी त्यांना फोन लावला. नुसतं नमस्कार म्हटलं आणि पलीकडून बारीक आवाजात, "महाड?" माझा आवाज तुझ्यावर गेलाय असं सगळे म्हणतात, पण इतका, हे त्या दिवशी कळलं. म्हटलं, मावशी, मी तिची मुलगी.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं पोलादपूरला गेले. मावशी डोळे मिटून बसल्या आणि मला म्हणाल्या, "बोल गो तू, मी ऐकते." मी प्रश्नावली काढली. पूर्ण समाधानी, समाधानी, सांगता येत नाही. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"बोर्ड गेला नि माझ्या घरात फोन आला. नंबर फिरवला की तुझी आय लागंल, म्हाईत होतं. पण बोलायचं काय? आधी कामात काम म्हणून बोलायचो. नुस्तं बोलायला म्हणून फोन करायची लाज वाटली गो."

मग एकदा त्या महाडला आल्या आणि मुद्दाम बिलाच्या रांगेत उभ्या राहिल्या. "ती मान वर करीत नव्हती. पुढचे, पुढचे, एवढंच. आवाज तिचाच, पण त्यात ती नव्हती. नाव म्हाईत होतं, पण त्या नावानं कधी हाकच मारली नव्हती. नि काचंतनं 'महाड' म्हणून कशी वरडू? मागं फिरले."

त्या मागं फिरल्या, आई. तू मान वर केली असतीस तर! इतकी वर्षं मला वाटत होतं की तू त्या यंत्रावर रुसलीस. आता हे मी कुठल्या तक्त्यात बसवू? सरांना सांगितलं तर ते म्हणाले, एका व्यक्तीची आठवण हा काही निष्कर्ष नव्हे. त्यांचंही बरोबर आहे. त्या दिवशी पोलादपूरहून परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

त्या रांगेतून मागं फिरल्यावर लवकरच मावशींची बदली झाली होती, मग मुलाकडे विरारला राहिल्या, आणि आता परत आल्यात. तू गेल्याचं त्यांना कळलेलंच नाही. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "कशी हाय ती? एकदा घेऊन ये. तोंड तरी बगू दे." मी सांगून टाकायला हवं होतं. म्हटलं, गुडघे दुखतात तिचे, पाऊस उघडला की आणते.

आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "महाड, इकडं लख ऊन पडलंय. तिकडं उघडला का गो?" मी अंगणात उन्हात उभी असते. म्हणते, नाही मावशी, इथं अजून पडतोच आहे.