धुतलेला फिल्टर

केनवड, ता. रिसोड
९ डिसेंबर २०२४

चि. शिवम यास बाबांचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तूर शेंगेवर आली. तुझी आई गुडघा शेकते आणि मला बोलते, म्हणजे तब्येत बरी आहे. तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हा कागद.

तुझ्या बोटीच्या नव्या इंजिनाला तेलाचा फिल्टर कोणता बसवायचा, हे तू रूपालीताईला विचारलंस, असं ती म्हणाली. बोटीचा मालक धुऊन वापरायची जाळी घ्या म्हणतो. ऐकू नकोस. जाळी मोठा कचरा अडवते, बारीक काजळी सरळ आत जाते. कागदी जोडफिल्टर घे. एक भरला की खटका फिरवून तेल दुसऱ्यावर वळवायचं, इंजिन चालूच राहतं. आपल्याकडे इंजिन बंद पडलं तर माणसं लिंबाखाली चहा पितात. तुम्ही सहा जण समुद्रात कुठे उतरणार?

आणि भरलेला कागदी फिल्टर फेकायचा. धुवायचा नाही. मी शिकवलेलं विसर.

दौलतरावांचं मळणीचं इंजिन ऐन सोयाबीनच्या हंगामात जाम झालं, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "या पोरानं तेल पाह्यलंच नाई." तू म्हणालास, "बाबा, मी पाह्यलं होतं." त्याच आठवड्यात तू घर सोडलंस. नंतर मी इंजिन खोललं, तर तेलाच्या वाटेत फिल्टरच्या कागदाचे तुकडे. मीच तो डिझेलमध्ये धुऊन परत बसवला होता, नेहमीसारखा. तेल पुरेपूर होतं. पण गावातला एवढा जुना मिस्त्री चुकला, हे कोणत्या तोंडानं सांगू? तुकडे चिंधीनं पुसून फेकले आणि तीन वर्षं गप्प बसलो. लाज वाटते रे.

काल दौलतरावांच्या ओसरीवर चार माणसांत सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "जानराव, मले कायले सांगता? पोराले सांगा."

फिल्टर माझ्या शब्दावर बसवू नकोस. इंजिनाच्या पुस्तकात बघ, मगच बसव.

इथवर लिहिलेलं तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "त्याले घरी ये म्हना. पन माह्या नावानं लिवा, तुमच्या नाई."

तसं लिहितो. ये.

तुझी आई
रंगूबाई
हस्ते जानराव